विश्लेषण : हप्ता का थकला, हे ‘सिबिल स्कोअर’ का सांगत नाही?

पीककर्ज देताना शेतकऱ्यांकडे ‘सिबिल स्कोअर’ मागू नका, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावले. न ऐकणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशाराही दिला. एका तीन आकडी संख्येवरून वाद इतका का पेटतो? ती ठरते कशी आणि चुकली तर दाद कुठे मागायची?

हा आकडा कोण ठरवते?

‘सिबिल’ सरकारी खाते नाही. २००० साली स्थापन झालेली ही कंपनी आता ट्रान्सयुनियन सिबिल म्हणून ओळखली जाते. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. २००५च्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेचे त्यांच्यावर नियंत्रण असते. बँका आणि वित्त कंपन्या कर्जदारांची माहिती त्यांना पुरवतात. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० दरम्यान असतो. साधारण ७५०च्या पुढे तो चांगला मानला जातो.

त्यात काय मोजले जाते?

हप्ते वेळेवर भरले का, क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली, कर्जे किती जुनी व कोणत्या प्रकारची आणि अलीकडे कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, हे प्रामुख्याने पाहिले जाते. नेमके सूत्र कंपन्या जाहीर करत नाहीत. पगार, जमीन किंवा खात्यातली शिल्लक यांचा त्यात समावेश नसतो. म्हणूनच चांगला पगार असूनही स्कोअर कमी असू शकतो.

मग वाद कशाचा?

कर्जाचे रीतसर पुनर्गठन झाले नसेल, तर हप्ता गारपिटीमुळे थकला की विसरल्यामुळे, हा फरक आकड्यात उतरत नाही. थकबाकी कमी रकमेत मिटवली, तर कर्ज ‘फेडले’ असे न दिसता ‘तडजोड’ अशी नोंद होते आणि ती पुढच्या बँकेलाही दिसते. जामीनदारही यातून सुटत नाही. भाऊबंदाच्या कर्जाला सही केली आणि त्याने हप्ते बुडवले, तर तुमचाही स्कोअर घसरू शकतो.

पहिल्यांदाच कर्ज घेणाऱ्यांचे काय?

कर्जाचा इतिहास नाही, एवढ्याच कारणावरून त्यांचा अर्ज फेटाळू नये, अशी रिझर्व्ह बँकेची भूमिका आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनेही लोकसभेत ती स्पष्ट केली. मात्र कर्ज द्यायचे की नाही, हा अंतिम निर्णय बँकेचाच असतो.

नोंद चुकीची असेल तर?

चारही कंपन्यांकडून वर्षाला एक सविस्तर अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. फेडलेले कर्ज थकीत दिसत असेल, तर त्या कंपनीकडे किंवा बँकेकडे तक्रार करता येते. ३० दिवसांत निपटारा न झाल्यास पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती दर पंधरा दिवसांनी अद्ययावत करणे बंधनकारक झाले. त्यामुळे थकलेला हप्ता आता लवकर दिसतो, तसेच फेडलेले कर्जही. कर्जाचा अर्ज करण्याच्या दोन-तीन महिने आधी अहवाल तपासावा, म्हणजे चूक सापडलीच तर ती दुरुस्त व्हायला वेळ मिळतो.