ओझे किती आणि कोणाचे?

गेल्या नोव्हेंबरात जिमखान्याच्या फलकावर सायकल-सहलीची सूचना लागली. कराडहून निघायचे, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असे करीत गुहागरचा समुद्र गाठायचा. अंतर सुमारे १४० किलोमीटर, दिवस चार, मुक्काम तीन. सूचना लागली त्याच दिवशी तिच्याखाली एकवीस जणांनी नावे लिहिली. त्यांत माझेही होते. दुसऱ्या दिवशी शेजारी 'सोबत आणावयाच्या साहित्याची यादी' लागली. आठवड्याअखेर पाहिले तर आठ नावांवर काट मारलेली. ती ज्याची त्याने आपल्याच हाताने मारली होती. 'तुम्ही येऊ नका' असे त्यांना कोणीही म्हटले नव्हते.

त्या यादीविषयी आणि त्या आठ नावांविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

यादी अशी होती : तंबू, स्लीपिंग बॅग, अंगाखाली घालायची फोमची चटई, कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या जलरोधक पिशव्या, गॅसची लहान शेगडी, डोक्याला बांधायची बॅटरी, हेल्मेट. ज्यांनी ती केली त्यांचा हेतू चांगलाच होता. यादीतील एकही वस्तू निरुपयोगी नाही, हेही मला मान्य आहे. पण वहीच्या मागच्या पानावर मी किमतींची बेरीज केली, तेव्हा ती आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याच्या वर गेली. शिवाय दुसरी एक अडचण होती, ती पैशाची नव्हती. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. स्लीपिंग बॅग म्हणजे अंथरूण की ते ठेवायची पिशवी, हे मला ठाऊक नव्हते आणि विचारायची लाज वाटली. नावावर काट मारणे त्या मानाने सोपे असते.

मी ती मारली नाही, याचे श्रेय वडिलांना आहे. त्यांनी यादी ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "हे समदं सायकलीवर न्यायचं कसं, त्ये लिवलंय का?"

ते लिहिलेले नव्हते. यादीतली सर्वांत मोठी उणीव माझ्या वडिलांना एका क्षणात दिसली, कारण ते रोज पहाटे सायकलवरून डेअरीला दूध घालतात. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटरच्या किटल्या, म्हणजे वीस किलोंहून जास्त वजन. रस्ता शेतातला, उजेड नाही, आणि एक थेंब सांडून चालत नाही. सायकलवर ओझे कसे लादावे याचे शिक्षण मला त्या रात्री आमच्या अंगणात मिळाले. वजन जेवढे खाली, चाकाच्या आसाजवळ, तेवढी सायकल स्थिर. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. दूध कमी असले तरी एक किटली भरलेली आणि दुसरी रिकामी नेऊ नये, निम्मे-निम्मे करावे. हँडलला जड काही टांगू नये, सायकल वळायला हट्ट करते. पायडल मारताना टाच किटलीला लागत नाही ना, हे आधी पाहावे. आणि सुतळीवर विश्वास ठेवू नये. धक्क्याने ती ढिली होते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी आवळावे, त्या ताण धरून राहतात. परदेशी बनावटीच्या महागड्या सायकल-पिशव्यांमागे तत्त्व आहे ते हेच. फक्त आपल्याकडे ते कोणी कागदावर लिहीत नाही.

मग आमच्या गावच्या शिंप्याकडून जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, आत खताच्या पोत्यांचे प्लॅस्टिकचे अस्तर. कोणी हसले असते तर माझ्याजवळ उत्तरही होते. ग्रंथालयात वाचता वाचता मला एक गंमत सापडली होती. सायकलवर तंबू बांधून भटकण्याचा छंद इंग्लंडमध्ये ज्याने रुजवला, तो टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपीच होता. १८९८ साली त्याने आयर्लंडमधील अशा एका सहलीवर पुस्तक लिहिले आणि १९०१ साली सायकलवरून छावणी करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, तीही त्याच्याच पुढाकाराने. त्याच्याही आधी, १८८४ साली टॉमस स्टीव्हन्स उंच चाकाच्या सायकलवरून अमेरिकेतून जगप्रवासाला निघाला. १८८६ साली तो आपल्या देशातूनही गेला. निघताना त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि एक रेनकोट होता. तो रेनकोट रात्री तंबू आणि अंथरूण या दोहोंचे काम करी. आपल्या मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२३ साली सायकलवरून निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परतले. आजची सामानाची दुकाने त्या काळी नव्हती. सामान नव्हते म्हणून ते मोठे झाले, असे मी म्हणत नाही. त्यांनी सामानाआधी कामाचा विचार केला असला पाहिजे, एवढेच म्हणतो.

आता प्रत्यक्ष सहलीत काय झाले ते सांगतो. आणि माझ्या चुकांपासून सुरुवात करतो, म्हणजे मी स्वतःची फुशारकी मारतो आहे असे कोणी म्हणणार नाही.

वडिलांनी एवढे शिकवूनही निघण्याच्या गडबडीत मी पाण्याच्या बाटल्या आणि खाण्याचा डबा एकाच बाजूला भरला आणि वर गोधडी सुतळीने बांधली. पाटणच्या अलीकडे सुतळीचे टोक सुटून मागच्या चाकात गेले आणि दोन स्पोक तुटले. सगळ्यांचा एक तास माझ्यामुळे गेला. दुसरी चूक त्या गोधडीचीच. आईने शिवलेली गोधडी असताना विकतची स्लीपिंग बॅग कशाला, असा माझा तोरा होता. कोयनानगरला शाळेच्या मैदानावर आम्ही उघड्यावर झोपलो. पहाटे दव असे पडले की गोधडी पिळून काढावी. भिजलेली गोधडी म्हणजे केवढे ओझे, ते मला दुसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडापर्यंत कळत राहिले. माझा एक मित्र घोंगडी घेऊन आला होता. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, म्हणून तो निदान कुडकुडला नाही. पण वजनाला घोंगडी म्हणजे गोधडीची थोरली बहीण. स्लीपिंग बॅगवाले मात्र कोरडे उठले आणि मुठीएवढी गुंडाळी करून मोकळे झाले. तात्पर्य, घरचे ते सगळे चांगले हाही एक अहंकारच आहे. गरिबीचे कौतुक करून दव थांबत नाही.

पण उलट बाजूही पाहा. आमच्यातील एकाजवळ यादीतील प्रत्येक वस्तू होती, तीही उत्तमातली. त्याने ती सगळी कॅरियरवर एकावर एक अशी रचली होती की, मागून पाहणाऱ्याला सायकलस्वार दिसत नसे. कुंभार्लीच्या उतारावर ओझ्याने त्याची सायकल डुलू लागली. ब्रेक लावावा तर मागून वजन ढकलते आहे, न लावावा तर पुढे वळण आहे. शेवटी बिचारा उतरला आणि जो घाट वाऱ्यासारखा उतरायचा तो सायकल धरून चालत उतरला. त्याच्या महागड्या पिशव्या आणि माझी सुतळी, दोघांनीही एकच धडा दिला. सामान कोणते यापेक्षा ते किती आणि कसे बांधले, हा प्रश्न मोठा आहे.

'किती' याचा हिशेब तर शाळेतल्या गणिताचा आहे. चढावर लागणारे श्रम एकूण वजनाच्या प्रमाणात असतात. माणूस ५५ किलो, सायकल २० किलो, सामान २० किलो, मिळून ९५. सामान निम्मे केले तर ८५. म्हणजे चढावरचे श्रम दहाव्या भागाहून थोडे अधिक कमी झाले, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वाटेत गावोगाव पाणी असताना आमच्यातले काहीजण पाच-पाच लिटर वाहत होते. गॅसची शेगडी चार दिवसांत एकदाच पेटली, तीही चहासाठी, आणि चहाची टपरी तिथून दोनशे पावलांवर होती. पहिले दोन दिवस आम्हांला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाने पुरले. पुढे चिपळूणला खानावळ होती.

तंबूंविषयी मी आधी तावातावाने बोलत असे. तेरा जणांत सात तंबू आले होते. चिपळूणला देवळाच्या सभामंडपात जागा मिळाली, तिथे ते सोडलेही नाहीत. 'आपल्या मुलखात देऊळ आहे, शाळा आहे, तंबू हवा कशाला?' असे मी म्हणालो, तेव्हा बरोबरच्या चार मुलींपैकी एकीने मला गप्प केले. ती म्हणाली, "तंबू झोपायला नको रे, कपडे बदलायला हवा." हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. तंबू हवा की नको, हा वाद त्या एका वाक्याने संपला. प्रश्न असा विचारायचा असतो : कशासाठी हवा, कोणाला हवा, आणि किती हवेत? तेरा जणांना सात नकोत, तीन पुरेत. पण ते तीन हवेतच. गुहागरला समुद्राकाठी आम्ही तंबू लावले, तेव्हा वाळूत खुंट्या धरेनात. एका कोळीदादांनी दाखवले : पिशवीत वाळू भरा, ती पुरा आणि तिला दोर बांधा. ही युक्ती कोणत्याही यादीत नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे की, पुढच्या वर्षीची यादी वस्तूंची नसावी, कामांची असावी. 'स्लीपिंग बॅग' असे लिहू नये. 'दव आणि थंडी यांपासून बचाव होईल असे, दोन किलोंच्या आतले अंथरूण-पांघरूण' असे लिहावे. मग ज्याच्याजवळ स्लीपिंग बॅग असेल तो ती आणील. ज्याच्याजवळ नसेल तो सोलापुरी चादर दुमडून तिच्या कडा शिवून पोते करील आणि वर-खाली प्लॅस्टिकचा कागद घेईल. दोघांचेही काम होईल आणि दोघांनाही मान खाली घालावी लागणार नाही.

दुसरे, जे सर्वांच्या कामाचे आहे ते सर्वांचे असावे. तीन तंबू, एक ताडपत्री, पाने, पंप, पंक्चरचे साहित्य, जादा स्पोक, प्रथमोपचाराची पेटी हे जिमखान्याने एकदा घ्यावे आणि दरवर्षी वापरावे. क्रिकेटच्या बॅटी प्रत्येकाने घरून आणाव्यात असे आपण म्हणत नाही. मग तंबूच का?

तिसरे, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाचे सामान काट्यावर तोलावे. माझ्या मते बारा किलोंच्या वर कोणालाही नेऊ देऊ नये, मग तो श्रीमंत असो की माझ्यासारखा अतिउत्साही. आणि आठवडाभर आधी सगळे ओझे लादून वीस-पंचवीस किलोमीटरची एक फेरी मारावी. माझी सुतळी आणि मित्राची रचना, दोन्ही त्या फेरीतच उघडी पडली असती.

काही बाबतींत मात्र सवलत नको. ब्रेकची रबरे, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांवाचून एकालाही फाटकाबाहेर सोडू नये. ज्याला ते घेणे शक्य नसेल त्याला जिमखान्याने द्यावेत. इथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

कोणी म्हणेल, ज्याला परवडते त्याने चांगले सामान घेतले तर तुझे काय बिघडते? काहीच नाही. उद्या मला नोकरी लागली तर मीही स्लीपिंग बॅग घेईन. कोयनानगरची ती पहाट मी विसरलेलो नाही. माझी तक्रार वस्तूंवर नाही, त्या फलकावर सक्तीच्या म्हणून लागतात यावर आहे. यादी लिहिणाऱ्याला ती साधी सूचना वाटते. ती वाचणाऱ्या कोणाला तरी ते बंद दार वाटते आणि तो कोणाशी न बोलता मागे फिरतो.

सहलीहून परतल्यावर त्या आठांपैकी एकाला मी समुद्राविषयी सांगत होतो. त्याने तो अजून पाहिलेला नाही. तो रोज गावाहून अठरा किलोमीटर सायकलने महाविद्यालयात येतो, कॅरियरवर दप्तर आणि बहुतेक दिवशी बाजारात द्यायच्या भाजीची पाटी. ओझ्यासकट सायकल चालवण्यात आमच्या तेरा जणांत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, "पुढल्या वर्षी यादी लागणार आहे का?"

या प्रश्नाचे उत्तर जिमखान्याने द्यावे, म्हणून हा लेख.

— द्वितीय वर्ष, कला