बंद दाराआडची बंधुता

जळगाव-धुळ्यात ‘लॉज’ म्हटले की मुक्कामाची जागा आठवते. मुंबईची ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मात्र फ्रीमेसन मंडळींची, १८४३ मध्ये स्थापन झालेली. तत्पूर्वी माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. पुढे डॉ. जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना सामावून घेण्यासाठी ही लॉज काढली. बंधुतेचा हा अध्याय भेदभावातूनच सुरू झाला, हे वर्धापनदिनी विसरता येणार नाही.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची ग्रँड लॉज स्थापन झाली. तो दिवस आजही विश्वबंधुत्व दिन म्हणून साजरा होतो. एप्रन, गुण्या व कंपास ही गवंडीकामातून आलेली चिन्हे टिकून आहेत. स्त्रियांना सदस्यत्व नाही, हा नियमही टिकून आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ मध्ये निधन झाल्यावर धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुने कागद जपणे आणि अभ्यासकांपुढे ठेवणे, ही त्याची परंपरा. लॉजच्या विधींची गुप्तता सदस्यांनी खुशाल राखावी; पण एकोणिसाव्या शतकातील दप्तरे खुली केल्यास संशयही ओसरेल आणि मुंबईच्या सामाजिक इतिहासात मोलाची भर पडेल.