आधी झाकण ठेव!

दिवाळी अंकासाठी 'काहीतरी आनंदाचे लिहा' असे संपादकांनी बजावले आहे. एरवी आठवड्याच्या अंकात माझी कुरकुर पाऊण पानात मावते. दिवाळीला जागा जास्त, म्हणून कुरकुरीही साठवून ठेवल्या आहेत. तेव्हा वाचकहो, चकलीचा तुकडा तोंडात टाका आणि ऐका.

आमच्या घरात दुधाच्या पातेल्यावर झाकण कोणी ठेवत नाही.

हसू नका. पातेले मोठे असते, झाकण शेजारीच असते, दोघांत एका वितीचे अंतर असते. पण ते अंतर ओलांडणारा हात आमच्या घरात एकच, माझा. मुलगा फ्रीजमधून दूध काढतो आणि पातेले ओट्यावर उघडे टाकून जातो. नात ओला टॉवेल पलंगावर टाकते आणि मग त्याच पलंगावर बसून 'इथे ओले कसे?' म्हणून विचारते. आमचे हे वर्तमानपत्र वाचून झाले की पाने अशी घालतात की पहिल्या पानानंतर थेट राशिभविष्य यावे. कुकरच्या शिट्ट्यांवर तर आमच्याकडे दोन पंथ आहेत. सून तीनची, मी चारची. तीन शिट्ट्यांत तूरडाळ शिजते असे जिला वाटते तिच्याशी मी वाद घालत नाही. चौथी शिट्टी होईपर्यंत शेगडीपाशी उभी राहते, एवढेच.

राहत्या जागेच्या नावावरही एकमत नाही. पाटीवर ना. म. जोशी मार्ग लिहिले आहे. कामगारांसाठी जन्म घालवलेला माणूस, नाव योग्यच आहे. आम्ही म्हातारी माणसे मात्र अजून डिलाईल रोडच म्हणतो. आणि सून मैत्रिणींना फोनवर सांगते, "लोअर परळला राहते." एकच रस्ता, तीन पत्ते. मी एकदा तिला म्हटले, "अगं, लोअर म्हणजे खालचे. आपण कोणाच्या खाली?" तर म्हणाली, "आई, तुम्हाला कुठलंच दुसरं मत चालत नाही."

यावर यांनी वर्तमानपत्राआडून शेरा मारला, "केसकर आहे ती आमच्या घरातली!"

तरुण वाचकांना केसकर ठाऊक नसतील. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. गृहस्थ विद्वान, शास्त्रीय संगीताचे भक्त. सिनेमाची गाणी म्हणजे हलकी करमणूक, लोकांचे कान सुधारले पाहिजेत, असे त्यांचे मत. बघता बघता आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. नभोवाणीला अशी सोवळी पाळायची सवय आधीपासूनच होती म्हणा! १९४० पासून तिथे पेटीला बंदी होती, ती तीस वर्षे टिकली. कारण काय, तर वाद्य परदेशी आणि त्यातून मींड निघत नाही. आमच्या कोकणातल्या भजनी बुवांना हे कोणी जाऊन सांगितले नाही, हे नशीब.

तर केसकरांनी गाणी बंद केली आणि लोकांनी काय केले? काटा फिरवला. रेडिओ सिलोनवर त्याच सुमारास बिनाका गीतमाला सुरू झाली होती. आमच्या सासूबाई सांगत, चाळीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या दारात दर बुधवारी रात्री चपलांचा ढीग पडायचा. शेवटी १९५७ साली विविध भारती काढावी लागली.

मी केसकर आहे, असे यांचे म्हणणे. असेन. संध्याकाळी जेवताना टीव्ही नको असे मी ठरवले, तर आता सगळे कानात बोंडे घालून जेवतात. मी भाजी वाढू का विचारते, तेव्हा नात बोंड काढून 'काय?' म्हणते. काटा फिरवला, दुसरे काय!

पण माझे नि झाकणाचे वेड आजचे नाही, त्याला चाळीस वर्षांहून जुना इतिहास आहे. तो मी या सदरात कधी लिहिला नाही.

मी लग्न होऊन आले ती इथल्याच बी. डी. डी. चाळीत. गोऱ्या सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी. एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांचे मिळून. त्या एका खोलीत आम्ही सातजण. मामंजी गिरणीत साचेखात्यात, धाकटे भावोजी त्याच गिरणीत बदलीवर, आणि हे पोस्टात कारकून.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणूस बाहेर. भावोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे. बदलीवाल्याला कधी काम मिळायचे, कधी दारावरूनच परत. त्याला कायम व्हायचे होते. मामंजी राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे जुने सभासद. कायद्याने मालकाशी बोलायचा हक्क त्या एकाच युनियनला. १९४६ चा कायदाच तसा होता. कामगार कोणाच्याही सभेला जावोत, बोलणार संघ. भावोजींचा सगळा राग त्यावर. मामंजींचे म्हणणे, हा संप लांबणार आणि आपण मरणार.

हे म्हणणे दोघांनी एकमेकांना कधी सांगितले असेल असे तुम्हाला वाटते? नाव नको. संपावरून आमच्या खोलीत एकदाही भांडण झाले नाही. भांडण झाले ते मामंजींच्या तपकिरीच्या डबीवरून. ती भावोजींनी फळीवरून हलवली म्हणे. मग दोरीवर कोणाचा लेंगा कोणी सरकवला त्यावरून. मग माठावरून. भावोजी पाणी पिऊन माठावर झाकण ठेवत नाहीत, असे मामंजी म्हणाले. ठेवतो, असे भावोजी म्हणाले. आणि त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद.

तेव्हापासून निरोप माझ्यामार्फत. "सूनबाई, त्याला सांग, राकेलची रांग लागलीय." "वहिनी, त्यांना सांगा, मी बघतो." दोघांमध्ये अंतर चार हात. हे पोस्टात होते, पण घरातले टपाल मी वाटत होते. माझे स्वतःचे मत काय, ते कोणी विचारले नाही. टपालवाल्याने पाकीट फोडायचे नसते.

आठ महिने झाले. माझ्या पाटल्या गेल्या, वाण्याची उधारी वाढली. कितीजण गावाला निघून गेले होते. एके पहाटे मामंजी उठले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरून गिरणीत कामावर गेले. भावोजी जागे होते. मी पाहिले, त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. दिवस उजाडल्यावर गॅलरीत बायका मला पाहून गप्प झाल्या. भावोजी उठले, तोंड धुतले, माठातले पाणी प्यायले आणि झाकण हातात घेऊन कितीतरी वेळ उभे राहिले. मग ते माठावर ठेवले.

संप कोणी मागे घेतल्याचे मला आठवत नाही. तो असाच विरून गेला. भावोजींना गिरणीने परत घेतले नाही. पुढे त्यांनी दादरला भाजीची गाडी लावली. मामंजींशी अबोला तसाच राहिला. नंतर त्यात राग नव्हता, सवय होती. मामंजी शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले तेव्हा भावोजी रात्र रात्र त्यांचे पाय चेपत बसत. आणि पाय चेपता चेपता मला म्हणत, "वहिनी, विचारा त्यांना, फार दुखतंय का?"

मी विचारायची. मामंजी म्हणायचे, "त्याला सांग, आता बरं वाटतंय."

आता चाळ रिकामी झाली. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे, किल्ली अजून आमच्या हाती यायची आहे. तोवर याच रस्त्याला दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही राहतो. नव्या घराचा नकाशा आला तेव्हा प्रत्येकाने आधी काय मोजले असेल? दारे. नातीला दार हवे, मुलाला दार हवे. यांनासुद्धा, म्हणजे वर्तमानपत्राला, दार हवे!

सुनेने मात्र मोजले नाही. ती म्हणाली, "आई, ते घर भाड्यानं देऊ या. आपण ठाण्याला मोठं घेऊ. माझं ऑफिस तिकडे, हिची शाळा तिकडे."

गणपतीत म्हणाली हे. मी त्यावर आजवर एक अक्षर बोललेले नाही. त्या दिवशीपासून मी काय काय बोलले त्याची यादी मात्र मोठी आहे: टॉवेल, शिट्ट्या, चकलीच्या भाजणीत गरम तेलाचे मोहन की लोणी, आणि झाकण. झाकण तर रोज.

काल रात्री सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मी करंज्या डब्यात भरत होते. तिने पातेल्यातले दूध पेल्यात ओतले, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, ठाणं का नको, ते एकदा सांगा ना. मला खरंच ऐकायचंय."

मी पातेल्याकडे पाहिले. उघडेच होते.

"आधी झाकण ठेव," मी म्हटले.

तिने ठेवले. आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.