छापील समुद्र आणि कुंचल्याचा फटकारा

मूळ चित्र पॅरिसला, समुद्र वर्ध्यापासून शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा मोनेच्या बंदराची ‘फाइन आर्ट प्रिंट’ वर्ध्यातल्या भिंतीवर येणे हे कलेचे लोकशाहीकरणच होय, असा युक्तिवाद केला जातो आणि साक्षीला वाल्टर बेन्यामिनचा १९३६ चा निबंध उभा केला जातो. ही साक्ष गैरलागू आहे. बेन्यामिनचा रोख छायाचित्र आणि चित्रपट यांवर आहे. मुद्रणात काय हरवते, हे तर चित्रप्रकारानुसार बदलते. रविवर्म्याच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या छापखान्यातून घरोघर गेलेली लक्ष्मी कागदावरही लक्ष्मीच राहिली. तिची ओळख कमळ, हत्ती, मुद्रा यांत होती. दृक्प्रत्ययवादी चित्राचा आशय मात्र रंगलेपातच असतो. ‘इम्प्रेशन, सनराइज’ (१८७२) मध्ये इतरत्र रंग विरळ आणि त्यावर नारिंगी सूर्याचा जाड थर, हीच त्या पहाटेची रचना. १८७४ मध्ये लुई लरॉयने, भिंतीला डकवायचा कागदही याहून पूर्ण असतो, अशी टवाळी केली होती. मुद्रणाने ते अंतर खरोखरच मिटविले! सपाट शाईत उरतो तो बंदराचा गोषवारा, कवितेचा सारांश असावा तसा. वर्ध्याच्या रसिकाला एवढे पुरे, असे मानणे ही त्याची अवहेलना आहे. जवळच सेवाग्रामच्या बापूकुटीत मीराबेनने भिंतीच्या मातीतच उठवलेली झाडे आहेत. तेथे हाताचा दाब हाच आकार. छापील प्रतीत काय नाही, हे पडताळण्यासाठी वर्ध्याच्या विद्यार्थ्याला पॅरिस गाठावे लागत नाही.