बाजार सामायिक, नागरिकत्व बापाचे



अरब देश आर्थिकदृष्ट्या एकत्र येणार का, हा प्रश्न आपल्या अंकात कशाला, असे काहीजणी विचारतील. कोकणातल्या कितीतरी घरांतली चूल आखातातल्या कमाईवर पेटते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

एकीचे करार तसे जुनेच. १९६४ साली अरब सामायिक बाजारपेठेचा ठराव झाला, तो बहुतांशी कागदावर राहिला. १९८१ मध्ये आखातातल्या सहा देशांनी सहकार्य परिषद स्थापली, १९८९ मध्ये मगरेब संघ आला. २००५ पासून अरब देशांमधल्या बहुतेक मालावरचा आयातकर उठला. तरी त्यांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या दहा टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. तेल विकणाऱ्याने तेल विकणाऱ्या शेजाऱ्याकडून घ्यायचे तरी काय? शिवाय राज्यकर्त्यांचे वैर आहेच. अल्जीरिया-मोरोक्को सरहद्द १९९४ पासून बंद आहे.

२००८ मध्ये आखाती परिषदेची सामायिक बाजारपेठ सुरू झाली. एका देशाच्या नागरिकाने दुसऱ्या देशात नोकरी करावी, धंदा काढावा, घर घ्यावे. पण नागरिक कोण? या देशांत नागरिकत्व बापाकडून येते. कुवेती बाईने सीरियन माणसाशी लग्न केले, तर तिची मुले आईच्याच देशात परकी आणि या बाजारपेठेच्याही बाहेर. २०१७ मध्ये सौदी अरेबिया, बहारीन, अमिराती यांनी कतारची कोंडी केली आणि आपल्या नागरिकांना चौदा दिवसांत तिथून परत बोलावले. कतारी आईची मुले बाप सौदी म्हणून सौदी! कुटुंबांच्या ताटातुटीवर ओरड झाल्यावर सवलती जाहीर झाल्या. कायदा होता तिथेच राहिला.

हे बदलूच शकत नाही, असे मात्र कुणी सांगू नये. बायकांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे लढून इजिप्तमध्ये २००४ साली, अल्जीरियात २००५ साली, मोरोक्कोत २००७ साली आईचे नागरिकत्व मुलांपर्यंत पोचवले. कायद्यात काही फटी उरल्या, पण दार उघडले.

अरब प्रदेशात कामाच्या वयाच्या पाच बायकांपैकी जेमतेम एक रोजगाराच्या बाजारात आहे. उरलेल्या चौघींना वगळून हे अर्थतज्ज्ञ कोणाची बाजारपेठ मोठी करणार आहेत, हे मला त्यांना विचारायचे आहे. आणि ज्या परदेशी बाया त्या घरांत धुणीभांडी करतात, त्यांचा तर कुठल्याच करारात उल्लेख नाही.