प्रश्नाची जागा

मालवणच्या बंदर जेटीवर पर्यटनाच्या मोसमात प्रश्नांची ये-जा अखंड चालू असते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी कधी सुटते? तारकर्लीला कोणत्या रस्त्याने जावे? खाजे कशाचे बनवतात? कोकमाचे आगळ किती दिवस टिकते? विचारणारा मराठी असेल तर प्रश्न-उत्तराचा हा व्यवहार क्षणात पुरा होतो. तो केरळचा, दिल्लीचा किंवा परदेशातला असेल, तर गल्ल्यावर बसलेल्या आपल्या मुलामुलींना इंग्रजीतील प्रश्न समजून घ्यावा लागतो आणि पुष्कळदा उलट प्रश्नही करावा लागतो. नेमके येथेच शाळेत उत्तम गुण मिळवणारे मूलही अडखळते. उत्तरे नीट देता येतात. पण विचारण्याची वेळ आली की ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे काहीतरी तोंडून निघते. समोरचा किंचित हसतो आणि मूल पुन्हा तोंड उघडण्यास धजत नाही.

वाचकहो, ही चूक मंदबुद्धीची नव्हे; ती मातृभाषेच्या सवयीची आहे. मराठीत प्रश्नार्थक शब्द सामान्यतः उत्तराच्या जागी बसतो. ‘होडी दहा वाजता सुटते’ या वाक्यातील ‘दहा वाजता’ काढून तेथे ‘कधी’ ठेवले की ‘होडी कधी सुटते?’ हा प्रश्न तयार होतो. बाकीचा एकही शब्द जागचा हलत नाही. मालवणीतही तेच. ‘तू खंय जातंस?’ यात ‘खंय’ हा शब्द गावाच्या नावाच्या जागीच बसला आहे. इंग्रजीत मात्र प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या आरंभी जातो आणि त्याच्या पाठोपाठ साहाय्यक क्रियापदही कर्त्याला ओलांडून पुढे येते. आपले मूल पहिली हालचाल करते, दुसरी विसरते. पहिली दिसते, म्हणून लक्षात राहते. दुसरी कोणी समजावून सांगितलेलीच नसते.

दोन भाषा अशा शेजारी ठेवून पाहण्याची रीत या किनाऱ्याला परकी नाही. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. त्यांच्या ‘दर्पण’ पत्राचा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला होता. पुढे १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. तर्खडकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतर पाठमालेवर तर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या पाठमालेचे बळ एकाच गोष्टीत होते. मराठी वाक्य समोर ठेवायचे आणि इंग्रजीत जाताना काय बदलते ते पाहायचे. आपणही तेच करू.

‘होडी दहा वाजता सुटते’ याचे इंग्रजी ‘द बोट लीव्ज अ‍ॅट टेन.’ आता ‘अ‍ॅट टेन’ हे उत्तर काढा आणि ‘व्हेन’ हा शब्द आणा. मराठी येथेच थांबली असती. इंग्रजीत ‘व्हेन’ अग्रभागी न्या. पुढे साहाय्यक क्रियापद हवे. पण ‘लीव्ज’ हे मुख्य क्रियापद एकटेच आहे. अशा वेळी इंग्रजी ‘डू’ या क्रियापदाला मदतीस बोलावते. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी आणि काळ वर्तमान असल्याने येथे ‘डज’. वाक्य झाले: ‘व्हेन डज द बोट लीव्ह?’ ‘लीव्ज’मधील शेवटचा ‘ज’ गेला कोठे? तो ‘डज’मध्ये जमा झाला. भूतकाळाचेही तसेच. ‘व्हेन डिड द बोट लीव्ह?’ यात भूतकाळ ‘डिड’ने घेतला, म्हणून ‘लेफ्ट’चे पुन्हा ‘लीव्ह’ झाले. ‘व्हेन डिड द बोट लेफ्ट?’ असे म्हणणे म्हणजे एकच रक्कम वहीत दोनदा मांडणे होय. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला हा नियम याच शब्दांत सांगावा: एक व्यवहार, एक नोंद.

वाक्यात साहाय्यक क्रियापद आधीच असेल, तर ‘डू’ची गरज नाही, असलेल्यालाच पुढे आणावे. ‘यू आर गोइंग’मधील ‘आर’ पुढे आला की ‘व्हेअर आर यू गोइंग?’ हा शुद्ध प्रश्न होतो. ‘कॅन’, ‘विल’, ‘हॅज’ यांनाही हाच न्याय. गंमत अशी की हा ‘डू’ इंग्रजीतही मूळचा नाही. काही शतकांपूर्वी त्या भाषेत मुख्य क्रियापदच कर्त्याच्या पुढे जात असे. ‘व्हॉट से यू?’ ही त्या काळची धाटणी आजही क्वचित ऐकू येते. ज्या नियमाला रुळण्यास त्या भाषेतच पिढ्या लागल्या, तो आपल्या मुलाला एका वर्षात पचला नाही म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

आता आपल्या वहीशी थेट निगडित असलेला भाग. वेंगुर्ल्याचा काजू बाहेरगावी पाठवणारा व्यापारी दूरच्या अडत्याशी बहुधा इंग्रजीतून लिहितो. समजा, त्याला दोन प्रश्न विचारायचे आहेत. ‘तुम्हाला पैसे कोणी दिले?’ आणि ‘तुम्ही पैसे कोणाला दिले?’ मराठीत ‘नी’ आणि ‘ला’ हे प्रत्यय देणारा आणि घेणारा यांना वेगळे ठेवतात; शब्द पुढेमागे झाले तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत पहिला प्रश्न ‘हू पेड यू?’ आणि दुसरा ‘हू डिड यू पे?’ औपचारिक पत्रात दुसऱ्या ठिकाणी ‘हूम’ लिहितात, पण रोजच्या व्यवहारात दोन्हीकडे ‘हू’च चालतो. म्हणजे देणारा कोण आणि घेणारा कोण, हे ठरवणारा प्रत्यय येथे नाही. केवळ शब्दांची जागा आणि मधला ‘डिड’ आहे. तो ‘डिड’ गळला किंवा नको तेथे शिरला, तर जमेची रक्कम नावे आणि नावेची रक्कम जमा वाचली जाऊ शकते. सुताने सूत लागावे तसा एका शब्दाने तंटा लागतो.

यामागील नियम सोपा आहे. प्रश्न कर्त्याविषयीच असेल, तर प्रश्नार्थक शब्द कर्त्याच्या जागेवर बसतो आणि काहीही हलत नाही. ‘हू पेड यू?’, ‘हू ओन्स धिस शॉप?’, ‘व्हॉट हॅपन्ड?’ ही सर्व वाक्ये मराठीच्या वळणाची आहेत. म्हणून मुलाला आधी हे प्रश्न शिकवावेत. त्याला आपलीच भाषा भेटल्यासारखे वाटेल. मग ‘डू’कडे वळावे.

प्रत्ययांचा आणखी एक फरक गिऱ्हाइकीत रोज दिसतो. खाज्यावरील गुळाच्या पाकात आले असते, म्हणून आपल्यातील अनेक कुटुंबे खरेदीपूर्वी ‘हे कशाचे केले आहे?’ असे विचारतात. मराठीत ‘चे’ हा प्रत्यय प्रश्नार्थक शब्दालाच चिकटतो. इंग्रजीत ‘व्हॉट’ पुढे निघून जातो आणि त्याचा सोबती ‘ऑफ’ वाक्याच्या शेवटी एकटा उरतो: ‘व्हॉट इज धिस मेड ऑफ?’ तो शेवटचा ‘ऑफ’ विसरू नये.

शब्दभांडाराच्या बाबतीत मात्र मराठीने मान खाली घालण्याचे कारण नाही. आपल्या एका ‘किती’साठी इंग्रजीला ‘हाऊ मच’ आणि ‘हाऊ मेनी’ असे दोन प्रयोग लागतात. मोजता न येणाऱ्यासाठी पहिला, मोजता येणाऱ्यासाठी दुसरा. ‘हा तुमचा कितवा हप्ता?’ यातील ‘कितवा’ला तर इंग्रजीत एका शब्दाचा प्रतिशब्दच नाही; तेथे वाक्य फिरवून विचारावे लागते. ‘काय काय हवे?’ या आपल्या द्विरुक्तीचेही तेच. ‘व्हॉट व्हॉट’ असे म्हणू नये. एकच ‘व्हॉट’ पुरेसा आहे.

अखेरीस नम्रतेचा प्रश्न. गिऱ्हाइकाला किंवा वडीलधाऱ्या माणसाला थेट ‘व्हेन डज द बोट लीव्ह?’ असे विचारण्यापेक्षा ‘कुड यू टेल मी’ असा आरंभ करणे शोभते. पण मग पुढील भाग प्रश्न राहत नाही आणि शब्द आपापल्या मूळ जागी परततात: ‘कुड यू टेल मी व्हेन द बोट लीव्ज?’ येथे ‘डज’ नाही. ज्या ‘व्हेअर यू आर गोइंग’ला हसू आले होते, तेच शब्द ‘मे आय आस्क’च्या मागे ठेवले की वाक्य निर्दोष ठरते. मुलाचे शब्द खोटे नव्हते. त्यांची जागा तेवढी चुकली होती.

घरी एक लहानसा सराव करावा. दुकानातील एखादे बिल मुलासमोर ठेवावे आणि त्यावर पाच प्रश्न इंग्रजीत करायला सांगावेत: माल कोणी घेतला, कोणाला पाठवला, कधी पाठवला, किती पोती, रक्कम कशी चुकती केली. पहिल्या प्रश्नात ‘डिड’ येता कामा नये, दुसऱ्यात व तिसऱ्यात आलाच पाहिजे, हे त्याने स्वतः ताडून पाहावे. चूक झाल्यास हसू नये. मराठी वाक्य शेजारी लिहून कोणता शब्द हलला ते दाखवावे. एका आठवड्यात फरक जाणवेल. पुढील लेखात ज्यांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येते, त्या प्रश्नांचा विचार करू.