प्रारब्ध कोणाचे?

३० जानेवारी हा दिवस आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. भाषणे होतात, शपथा घेतल्या जातात आणि ३१ तारखेला गावाबाहेरची वस्ती पूर्ववत गावाबाहेरच राहते. या वस्तीकडे पाहून सुशिक्षित घरांतही एक वाक्य आजही सहज उच्चारले जाते : 'ज्याचे त्याचे प्रारब्ध!' कर्मसिद्धान्ताची याहून मोठी विटंबना दुसरी नसेल.

१८७३ साली नॉर्वेतील हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. सहा महिने ते वर्षभर नियमित औषध घेतले की रोग बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णापासून संसर्गाचे भय उरत नाही. हे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आढळतात, आणि घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात असलेला कुष्ठरोग वगळण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. जंतूवर औषध सापडले. पूर्वजन्मीच्या पापाच्या शिक्क्यावर नाही. म्हणून अंगावरचा बधिर चट्टा पदराआड, बाहीआड झाकला जातो, उपचार लांबतो आणि वेळीच टळू शकली असती ती विकृती हातापायांना कायमची जडते.

कर्मसिद्धान्त नाकारण्याचे येथे कारण नाही. तो कोणी, कोणाविषयी उच्चारावा, हा प्रश्न आहे. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हा विवेक माणसाने स्वतःच्या जीवनाकडे पाहताना करावयाचा आहे. स्वतःच्या दुःखाला 'माझे प्रारब्ध' म्हणणाऱ्याला त्यातून सोसण्याचे बळ मिळू शकते, मनातील कडवटपणा निवू शकतो. तेच शब्द दुसऱ्याच्या दुःखाविषयी उच्चारले की तो निवाडा होतो. परक्याच्या गतजन्माची खातेवही कोणी वाचली आहे? शेजाऱ्याचे दुःख समोर उभे राहते, तेव्हा पाहणाऱ्यापुढे त्याच्या स्वतःच्या क्रियमाणाचा प्रसंग उभा असतो. तोंड फिरवणे हेही कर्मच, आणि त्यालाही फळ आहेच. लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' अशी जोडी एकाच प्रकरणात बांधली, ती उगीच नव्हे.

अर्थात सगळा दोष सामान्यांच्या अज्ञानावर ढकलणे प्रामाणिकपणाचे नाही. असाध्य रोग्याला वारसाहक्कातून वगळणारी वचने आपल्याच स्मृतिग्रंथांत आहेत. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे. दुसऱ्या कोणी ते दाखवून देण्याची वाट पाहू नये.

मान्य करून थांबले नाहीत, अशीही माणसे याच परंपरेत झाली. सदाशिव गोविंद कात्रे रेल्वेत नोकरीला होते. त्यांना कुष्ठरोग जडला. समाजाने दूर लोटल्यावर हा माणूस नशिबाला बोल लावीत बसला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण १९६२ साली कात्र्यांनी आजच्या छत्तीसगडमधील चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. रोग त्यांनी निवडला नव्हता. रोग झाल्यावर काय करावयाचे, ते मात्र त्यांनी निवडले. प्रारब्ध आणि क्रियमाण यांतील सीमारेषा पोथीपेक्षा या एका आयुष्यात अधिक स्पष्ट दिसते.

पुढे हे काम दामोदर गणेश बापट यांनी अंगावर घेतले. ते मूळचे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे, प्रकृतीने धडधाकट. त्यांना तेथे जाण्याची कोणतीच सक्ती नव्हती. कात्र्यांच्या वाट्याला दुःख न मागता आले, बापट त्या दुःखाकडे आपल्या पायांनी चालत गेले. चांपाजवळच्या सोंठी येथील आश्रमात त्यांनी आयुष्याची चार दशकांहून अधिक वर्षे काढली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर शेती, शाळा, रुग्णालय असा आश्रमाचा पसारा वाढला होता. पण या साऱ्यापेक्षा एक साधी गोष्ट अधिक बोलकी आहे. वस्तीत येऊन हळहळ व्यक्त करणाऱ्या आणि पाण्याचा घोटही न घेता परतणाऱ्या पाहुण्यांची वाण कोणत्याच वस्तीला नसते. बापट रुग्णांमध्येच राहत, आणि त्यांच्या हातचे रांधलेले जेवत.